रोजच्या बोलण्यात खरेपणा कसा आणायचा: ख्रिस्ती घरांसाठी पायरी-पायरीने

"आजपासून खोटं बोलणार नाही" असा निश्चय आपल्यात बरेच जण करतात, कोणी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कोणी थर्टी फर्स्टच्या रात्रीच्या उपासनेला, वॉच नाइटला, आणि तो साधारण दोन प्रकारे फसतो. एक तर दोन-तीन दिवसांत कोणाचा तरी फोन येतो आणि तोंडातून आपोआप "अहो निघालोच आहे" बाहेर पडतं, मग माणूस म्हणतो जाऊ दे, आपल्याला नाही जमायचं. नाहीतर निश्चय टिकतो पण माणूस बिघडतो, म्हणजे घरात, मंडळीत, ऑफिसात सगळ्यांना तोंडावर सुनावत सुटतो आणि वर "मी बाबा स्पष्ट बोलणारा" म्हणून मिरवतो. हा दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, कारण त्याला समजावणार कोण.

दोन्हीकडे चुकतो तो क्रम. लोक दुसऱ्याबद्दलच्या खऱ्यापासून सुरुवात करतात, जे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम आहे. स्वतःचं "हो", स्वतःची वेळ, स्वतःचे आकडे मात्र आहेत तसेच राहतात. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा, आणि सातवी पायरी तर मधल्या झाल्याशिवाय अजिबात नको.

तयारी: आठवडाभर फक्त नोंद

पहिला आठवडा काहीही सुधारायचं नाही. एक छोटी वही किंवा फोनमधलं नोट्स उघडा आणि रात्री झोपायच्या आधी दिवसभरात कुठे कुठे खऱ्याला बगल दिली ते लिहा. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी: कोणाशी, काय बोललो, कशाच्या भीतीने. तिसरी गोष्ट लिहायचा कंटाळा येतो, पण खरं काम तिच्यातच आहे. "नाराज होतील", "कंजूष म्हणतील", "बावळट दिसेन", "पैसे जातील", बहुतेक नोंदी याच चार-पाच भीतींपाशी येऊन थांबतात असं दिसेल. आणि माणसंही तीच तीच असतात. एखाद्याचं सगळं खोटं फक्त सासरच्या फोनवर असतं, एखादीचं फक्त बॉसशी.

लिहायच्या आधी बायबलमधल्या स्तोत्र १४१ ची तिसरी ओवी म्हणा, तोंडावर पहारा ठेव अशी मागणी आहे ती. छोटी आहे, पाठ होते.

आता खोटं म्हणजे नेमकं काय हे एकदा ठरवून घ्या, नाहीतर वहीत नको ते भरत बसाल. उत्पत्ती ३७ काढा. योसेफाच्या भावांनी त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवला, बापाकडे पाठवला आणि म्हणाले, हा आम्हाला सापडला, तुमच्या मुलाचाच आहे का बघा. योसेफ मेला असं त्यांनी सांगितलंच नाही. जंगली जनावराने खाल्लं हे अनुमान म्हाताऱ्या याकोबाने स्वतःच काढलं, आणि ते काढावं म्हणूनच तर रक्त लावलेलं. अब्राहामाचंही तसंच, सारा ही त्याची सावत्र बहीण होती हे उत्पत्ती २०:१२ मध्ये तो स्वतः सांगतो, पण ती बायको आहे हा भाग त्याने मुद्दाम गाळला. तेव्हा कसोटी अशी ठेवा: समोरच्याच्या डोक्यात मला चुकीचं चित्र उभं करायचंय का? करायचं असेल तर शब्द कितीही बरोबर असोत, ते वहीत गेलं पाहिजे.

उलट बाजूही बघा. गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. यिर्मया ३८ मध्ये अधिकारी यिर्मयाला विचारायला येतात की राजाशी काय बोलणं झालं, आणि तो त्यातला थोडाच भाग सांगतो, बाकीचं पोटात ठेवतो. कॅथलिक चर्चची शिकवण तर स्पष्टच आहे, ज्याला जाणून घ्यायचा हक्क नाही त्याला सत्य सांगायला कोणी बांधील नाही. "पगार किती?", "गुड न्यूज कधी?" या प्रश्नांना उत्तर द्यायलाच पाहिजे असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. "ते राहू दे हो" हे पूर्ण आणि खरं उत्तर आहे.

"कसे आहात?" ला "बरंय" म्हटलं आणि गुडघा दुखत होता, हे खोट्यात धरू नका. ती रीत आहे, दोघांनाही ठाऊक असते. ज्यांना अशा बारीकसारीक गोष्टींनी रात्री झोप येत नाही, तेच तेच पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं, त्यांनी ही वही ठेवूच नये, आधी आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोलावं.

सावधान: वही स्वतःचीच. नवरा बायकोच्या खोट्याची नोंद ठेवायला लागला की हे सगळं तिथेच संपलं म्हणून समजा.

पायरी १: "हो" कमी करा

आपलं बरंचसं खोटं हे घाईत दिलेल्या होकारातून जन्मतं. उपासना संपते, मंडळीच्या दारात कोणीतरी हात धरतो, "गुरुवारी आमच्याकडे प्रार्थना आहे हं, नक्की या", आणि आपण "हो हो, येणारच" म्हणतो, तेव्हाच माहीत असतं की जाणार नाही. मग गुरुवारी रात्री पाहुणे येतात, पोट बिघडतं, गाडी पंक्चर होते. एका होकारापायी तीन खोटी.

मत्तय २१ मधले दोन मुलगे आठवा. एक बापाला तोंडावर नाही म्हणाला पण नंतर मळ्यात गेला, दुसरा "जातो महाराज" म्हणाला आणि गेलाच नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये या दुसऱ्या मुलाचीच गर्दी आहे.

करायचं असं. महिनाभर कुठल्याच आमंत्रणाला, वर्गणीला, जबाबदारीला जागच्या जागी होकार द्यायचा नाही. वाक्य तयार ठेवा, "उद्या संध्याकाळी सातपर्यंत कळवतो." आणि सातच्या आत कळवायचं, हे महत्त्वाचं, कारण न कळवलेलं "कळवतो" हेही वहीतच जातं.

नकार द्यायचा तर "या वेळी नाही जमणार, मावशी" एवढं पुरतं. पण आपल्याकडे पुढचा प्रश्न येतोच, "का हो, काय झालं?" आणि तिथेच माणूस घसरतो, कारण कारणाशिवाय नकार म्हणजे अपमान असं आपण धरून चाललोय. दोन-तीन वाक्यं आधीच ठरवून ठेवा, जी तुमच्याबाबतीत खरी आहेत तीच: "दमलोय, रविवारनंतर कुठे जायचं त्राण नाही", "या महिन्यात खर्च आवरतोय", "कारण आहे, पण आत्ता सांगत नाही, राग मानू नका". तिसरं ऐकायला विचित्र वाटतं, पण लोक पटकन सरावतात.

यात आपली खास ख्रिस्ती पळवाट एक आहे, ती वेगळी सांगतो. "प्रार्थना करून सांगतो." खरंच प्रार्थना करून सांगणार असाल तर उत्तम, पण नव्वद टक्के वेळा त्याचा अर्थ "नाही" असतो आणि ते दोघांना माहीत असतं, फक्त देवाचं नाव मध्ये घालून नकार गोड केलेला असतो. तीच गत "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" ची. व्हॉट्सॲपवर हात जोडलेले इमोजी टाकले की झालं. यावर उपाय सोपा आहे, म्हणायच्या आधी करा. तिथेच उभ्याउभ्या दोन वाक्यांची प्रार्थना करा, मग टाइप करा "प्रार्थना केली". ते जमणार नसेल तर "ऐकून वाईट वाटलं" लिहा, तेही चांगलंच आहे.

दिलेला शब्द खरंच बदलावा लागला तर? पौलाचाही करिंथचा बेत बदलला होता आणि लोकांनी त्यावरून बोल लावले, २ करिंथ पहिल्या अध्यायाच्या शेवटी तो बसून कारण सांगतो. बेत बदलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, कळल्याबरोबर न सांगणं हे मात्र जवळपास तेच.

तपासा: महिनाअखेर दिलेले होकार आणि पाळलेले होकार समोरासमोर लिहा. फरक मोठा असेल तर पुढे जाऊ नका, अजून एक महिना इथेच काढा.

पायरी २: वेळ, आकडे आणि साक्ष

वेळेचं खोटं मोडायला एक युक्ती पुरते, वेळ सांगू नका, जागा सांगा. "पाच मिनिटांत पोचतो" ऐवजी "अजून घरातच आहे, चप्पल घालतोय". ट्रेनवाल्यांनी "आलोच" ऐवजी "नुकतंच ठाणं सोडलं". जागेबद्दल खोटं बोलणं माणसाला जड जातं, वेळेबद्दल सहज जमतं.

आकड्यांचं जरा जास्त बोलायला हवं, कारण इथे आपण देवाच्या नावाने वाढवून सांगतो. सभेला सत्तर माणसं, रिपोर्टमध्ये दोनशे. संडे स्कूलला नावं चाळीस, येणारी पंधरा, पण वार्षिक अहवालात चाळीसच, कारण बाहेरून मदत पाठवणारे वाचतात. मोजा आणि लिहा, मोजलं नसेल तर "मोजलं नाही" लिहा. "अंदाजे" हा शब्द फार लोकांनी बदनाम केलाय, तो टाकायचाच तर अंदाज कसा काढला ते सोबत द्या, खुर्च्या किती भरल्या होत्या वगैरे.

आणि साक्ष. साक्ष द्यायला माणूस उभा राहतो, समोर डोळे भरून ऐकणारी माणसं असतात, आणि गोष्ट आपोआप फुगायला लागते. साधा टायफॉइड असतो, "डॉक्टरांनी हात टेकले" होऊन जातं. औषधं चालू असतात, ती वगळली जातात, कारण ती सांगितली तर चमत्कार फिका पडेल अशी भीती. ईयोब १३:७ मध्ये ईयोब मित्रांना विचारतो, देवाची बाजू घ्यायला तुम्ही खोटं बोलणार का? तो प्रश्न साक्ष लिहिताना कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा. आणि हो, साक्ष लिहूनच काढा, ऐनवेळी बोलू नका. लिहून झाली की या चार गोष्टी बघा:

१. तुमचे डॉक्टर तिसऱ्या बाकावर बसलेत असं धरा. एखादं वाक्य बदलाल का? ते आत्ताच बदला.
२. औषध, ऑपरेशन, कोणी दिलेले पैसे, रात्रभर जागलेली नणंद, हे सगळं आत आहे का?
३. अजून बरं न झालेलं काय आहे, ते सांगितलंय का?
४. आधीचं आयुष्य मुद्दाम जास्त काळं रंगवलंय का? "मी फार वाईट दारुडा होतो" म्हणणाऱ्याने सणासुदीला एखादा पेग घेतला असेल तर घरच्यांना बाकावर बसून ओशाळं व्हावं लागतं.

नेमकी चूक: "देव मला म्हणाला" हे वाक्य. मला असं वाटलं, मनात आलं, वचन वाचताना लक्षात आलं, यातलं जे झालं असेल ते म्हणा. देवाचं नाव घातलं की समोरच्याचं तोंड बंद होतं, आणि बऱ्याचदा ते घालतात तेवढ्यासाठीच, खास करून मंडळीच्या कमिटी मीटिंगमध्ये.

पायरी ३: शपथा बंद

ही छोटी पायरी आहे. आईशपथ, देवाशपथ, बायबलवर हात ठेवून सांगतो, सगळं बंद. मत्तय ५:३३ ते ३७ आणि याकोब ५:१२ दोन्हीकडे एकच सूचना, होय तर होय आणि नाही तर नाही. सोबत "खरं सांगू का", "मनापासून सांगतो", "खोटं कशाला बोलू" हेही काढून टाका, कारण त्यातून बाकीचं मनापासून नव्हतं असं निघतं. सवय जाईपर्यंत घरातल्या पोरांना टोकायला सांगा, ती हे काम फार आनंदाने करतात.

कोर्टात साक्षीला उभं राहायची वेळ आली आणि शपथ घ्यायला मन धजत नसेल तर १९६९ च्या ओथ्स ॲक्टमध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञेवर सांगायची सोय आहे, तसं आधी सांगायचं. बऱ्याच मंडळ्या कोर्टातली शपथ चालते असंच मानतात, तेव्हा यावरून भांडण नको.

पायरी ४: फोन, ऑफिस, बाजार, मुलं

आता बाहेरच्या जगात. इथे दुसऱ्यांच्या वतीने बोललेलं खोटंही येतं, म्हणून ही चौथी ठेवली.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत सांग." नोकरी करणाऱ्याला हे रोज ऐकावं लागतं. ऐन फोनच्या वेळी साहेबाशी वाद घालू नका, आधी निवांत वेळ बघून सांगा, "सर, मी 'आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप घेते' असं म्हणेन, चालेल ना?" बहुतेक साहेबांना चालतं, कारण त्यांना फोन टळायला हवा असतो, मीटिंगशी त्यांना काही घेणंदेणं नसतं. बिलं, हजेरी, तारखा बदलायला सांगितलं तर तो वेगळा मामला आहे, तिथे सही तुमची असते आणि अडकणार तुम्हीच. लेखी विचारा, "ही तारीख बदलायची का, कृपया मेलवर कळवा." पुष्कळदा विषय तिथेच थांबतो.

सुट्टीचं: आजारी नसाल तर सिक लीव्ह टाकू नका, कॅज्युअल टाका, कारण विचारलं तर "घरगुती". संपलं.

बाजारात नीतिसूत्रे २०:१४ बघा, गिऱ्हाईक "वाईट आहे, वाईट आहे" म्हणतं आणि घेऊन गेल्यावर बढाई मारतं. हजारो वर्षं झाली, मंडईत अजून तेच चाललंय. घासाघीस करायला हरकत नाही, "मला दोनशेला परवडतं" खुशाल म्हणा, पण "पलीकडे दीडशेला देतोय" हे पलीकडे खरंच देत असेल तरच. जुनी गाडी विकताना उलटी काळजी घ्या. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे इथे चालत नाही, कारण घेणाऱ्याला ते कळण्याचा हक्क आहे. ठोकलेली असेल तर भाव सांगायच्या आधी सांगा. भाव कमी येईल, येऊ दे.

लग्नाच्या बायोडेटाचं इथेच घेतो. वय, पगार, आधीचं मोडलेलं लग्न, चालू असलेला आजार, दारू. "लग्नानंतर सांगू" हा सल्ला देणारी काकू प्रत्येक घरात असते. तिचं ऐकू नका. कॅथलिकांनी हे लक्षात ठेवा की चर्चच्या कायद्यात कॅनन १०९८ प्रमाणे, संमती मिळवण्यासाठी संसारावर गंभीर परिणाम करणारी गोष्ट कपटाने लपवली तर ते लग्नच अवैध ठरतं. फोटोबरोबर सगळं छापायची गरज नाही, पण बोलणी पुढे सरकतायत असं दिसलं की होकाराच्या आधी, मुलाने मुलीला किंवा मुलीने मुलाला स्वतः सांगायचं. मध्यस्थावर सोपवलं की अर्धं गळतं.

मुलांना "बाबा घरी नाहीत सांग" म्हणून फोनवर उभं करू नका, "बाबा नंतर फोन करतील" एवढं म्हणायला शिकवा. इंजेक्शन दुखणार नाही म्हणू नका, दुखेल पण पटकन संपेल म्हणा. "पोलीस पकडून नेईल", "आम्ही तुला टाकून जाऊ" हे आपल्याकडे लाडाने म्हणतात, पोरगं ते खरं धरतं. आणि प्रवासात हाफ तिकिटासाठी पोराचं वय कमी सांगायचं नाही, ते पोरगं शेजारी बसून ऐकत असतं, आणि कंडक्टरला बरोब्बर वय सांगून तुमचा पचका तेच करतं.

पायरी ५: तिसऱ्या माणसाबद्दल

दहा आज्ञांमधली खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा, बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत नववी आणि कॅथलिकांच्या आठवी, तिच्याबद्दल मोठा गैरसमज असा की ती फक्त खोट्या गोष्टीला लागू होते. तसं नाहीये. प्रेस्बिटेरियन मंडळ्या मानतात त्या १६४० च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर मोठ्या प्रश्नोत्तरीत या आज्ञेच्या भंगामध्ये खरं पण अवेळी बोलणं, खरं पण वाईट हेतूने बोलणं हेही मोजलंय. कॅथलिक शिकवणीत दुसऱ्याचा खरा दोष सबळ कारण नसताना माहीत नसलेल्यांना सांगणं हे स्वतंत्र पाप आहे. म्हणजे "पण खरंच आहे की ते" हा बचाव दोन्हीकडे टिकत नाही.

आपल्याकडे चहाड्या करायला नाव चांगलं मिळालंय, प्रार्थनेचा विषय. "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, म्हणजे जास्त काही सांगत नाही, पण ती सध्या..." आणि मग जास्तच सांगितलं जातं. महिला मंडळात होतं, तरुण संघात होतं, पुरुषांच्या चहाच्या टपरीवर तर प्रार्थनेचंही नाव लागत नाही. उपाय म्हणजे परवानगी. विषय मांडायच्या आधी त्या माणसाला फोन करा, "ताई, उद्याच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेऊ का, आणि किती सांगू?" ती जेवढं म्हणेल तेवढंच. परवानगी विचारायची हिंमत होत नसेल तर विषय मांडायचाच नाही, घरी एकट्याने प्रार्थना करा, देवाला तपशील माहीत आहेत.

एकाची बाजू ऐकून मत देऊ नका, नीतिसूत्रे १८:१७, पहिला बोलणारा नेहमी बरोबरच वाटतो. मंडळीतल्या भांडणात हे एक वचन पाळलं तरी निम्म्या मीटिंगा वाचतील.

फॉरवर्ड्स हेही बोलणंच आहे. अफगाणिस्तानात २२ मिशनऱ्यांना उद्या फाशी देणार, तातडीने प्रार्थना करा, हा मेसेज २००९ पासून फिरतोय, दर वेळी "उद्या"च. नासाच्या कॉम्प्युटरला यहोशवाच्या काळातला हरवलेला दिवस सापडला, हेही खोटं आहे. चांगल्या हेतूने पाठवलं तरी खोटं ते खोटंच. मेसेजमध्ये तारीख नाही, गावाचं नाव नाही, आणि "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा" आहे, तर तो तुमच्यापाशीच थांबवा. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर "मी पाठवलेला मेसेज खरा नव्हता" लिहा, गुपचूप डिलीट करू नका.

सावधान, आणि हे मोठ्या अक्षरात समजा: लहान मुलाचा लैंगिक छळ, घरातली मारहाण, मंडळीच्या पैशाची अफरातफर, हे चहाडीच्या नावाखाली दाबायचं नाही. "भावाकडे एकांतात जा" हे वचन इथे पुढे करणारे लोक भेटतील. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असेल किंवा तसा धोका दिसत असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, पाळकांनाही आणि सिस्टरांनाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे.

पायरी ६: चुकलं की त्याच दिवशी दुरुस्ती

इथपर्यंत आलात तरी घसरणार आहातच, म्हणून ही पायरी. नियम असा की झोपायच्या आधी, शक्य असेल तर त्याच तासात, ज्याची दिशाभूल केली त्याच्याशीच बोलायचं. वाक्य छोटं हवं: "दादा, मघाशी म्हणालो नेटवर्क नव्हतं, ते खरं नव्हतं. मी फोन बघितला आणि उचलला नाही." बस.

इथे लोक हमखास काय करतात ते सांगतो. फक्त देवाजवळ कबूल करतात, किंवा फादरांजवळ पापनिवेदनात, आणि ज्याला फसवलं तो तसाच फसलेला राहतो. कबुलीपेक्षा कारण लांब करतात, "पण तेव्हा परिस्थितीच अशी होती की" इथून सुरू झालं की ती कबुली राहत नाही. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे तर कामाचंच नाही, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्याची ठरते. पैशाचं नुकसान झालं असेल तर नुसतं बोलून भागत नाही, जकातदार जक्कयाने लूक १९ मध्ये चौपट परत करतो म्हटलं होतं, तुम्ही निदान जेवढ्यास तेवढे द्या.

जुनी खोटी? सगळी उकरायला बसू नका. ज्यामुळे आजही कोणाचं तरी नुकसान चालू आहे ती आधी घ्या: जमिनीच्या हिश्श्याची, घेतलेल्या उसन्याची, दुसऱ्यावर ढकललेल्या चुकीची. आणि मनातले विचार कबूल करायला जाऊ नका, "मी तुमच्याबद्दल इतकी वर्षं वाईट विचार करत होते, माफ करा" हे ऐकून त्या बाईचा आठवडा खराब होतो, तुमचं मात्र हलकं होतं.

तपासा: हनन्या आणि सप्पीराची गोष्ट, प्रेषितांची कृत्ये ५, पुन्हा वाचा. जमीन विकून आलेले पैसे ठेवायला हरकत नव्हती, पेत्र चौथ्या ओवीत ते स्वच्छ म्हणतो. ठेवून घेऊन पूर्ण दिल्याचा आव आणला, तिथे बिघडलं. तुमच्या कबुलीतही थोडं ठेवून पूर्ण दिल्यासारखं करताय का?

पायरी ७: दुसऱ्याला खरं सांगणं

आता ही. मधल्या सहा पायऱ्यांना निदान तीन-चार महिने दिले असतील तरच, कारण ज्याचं स्वतःचं "येतो" खरं नसतं त्याचं "तुमचं चुकतंय" कोणी ऐकत नाही.

आधी तीन प्रश्न. हे सांगायची जागा माझी आहे का? मी स्वतः पाहिलंय की ऐकीव आहे? सांगितल्यावर मी सोबत उभा राहणार आहे का? एकाचंही उत्तर नाही असेल तर गप्प. तिन्हींचं हो असेल तर मत्तय १८:१५ प्रमाणे एकट्याने, एकांतात, एकच विषय. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच, आणि कोणाच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांसमोर अजिबात नको. वय-नातं सांभाळा. सासऱ्यांना सुनेने "तुमचं चुकलं" म्हणायची गरज नाही, "अण्णा, परवाच्या त्या बोलण्याबद्दल एक विचारू का? मला ते लागलं" एवढ्यात सगळं येतं. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचं पाप दाखवताना आधी एक गोष्ट सांगितली आणि निवाडा त्यालाच करू दिला, पण त्याची नक्कल करून लोकांना कोड्यात टोमणे मारू नका, नाथानाने शेवटी "तो माणूस तूच" असं सरळ सांगितलंही होतं.

"नेहमी", "कधीच", "सगळे म्हणतात" हे तीन शब्द वर्ज्य. जे घडलं ते तारखेसकट सांगा. आणि गंमत म्हणून टोचायचं आणि चिडला की "अरे मस्करी केली" म्हणायचं, याला नीतिसूत्रे २६:१८-१९ मध्ये जळते कोलीत फेकणाऱ्या वेड्याच्या शेजारी बसवलंय.

स्तुतीतही खरं बोलायचं असतं हे विसरतात. उपासनेनंतर दारात पाळकांना "फार आशीर्वाद मिळाला" असं दर रविवारी म्हणायचं आणि घरी जाताना रिक्षात उपदेशाची चिरफाड करायची. एक नेमकी गोष्ट आवडली असेल तर ती सांगा, "ते दोन मुलांचं उदाहरण डोक्यात राहिलं". काहीच नसेल आवडलं तर सलाम करून पुढे व्हा, नगरकडचे ख्रिस्ती तसंही सलामच करतात. क्वायरमधल्या पोरीचा सूर लागत नसेल तर ते क्वायरमास्टरने तिला एकटीला सांगायचं, आपण नाही.

उरलेले अवघड प्रसंग

जीव वाचवायला खोटं बोलावं का? बायबलमधल्या राहाबने इस्राएलचे हेर लपवले आणि ते गेले असं सांगितलं, मिसरातल्या सुइणींनी बाळं वाचवायला फारो राजाला थाप मारली. जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती शिक्षक ऑगस्टीन, त्याचं मत होतं की जीव वाचवायलाही खोटं बोलू नये, पुष्कळ ख्रिस्ती त्याच्याशी सहमत नाहीत, आणि दारावर मारेकरी उभा असताना मी तरी राहाबच्या बाजूने. पण हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण "साहेब मीटिंगमध्ये आहेत" याच्यासाठी परवानगी शोधत असतात, तेव्हा राहाबला उगाच मध्ये आणू नका.

जास्त वेळा येणारा प्रसंग म्हणजे घरातलं गंभीर आजारपण. बाबांना कॅन्सर आहे, सगळ्या घराला माहीत, त्यांना सांगितलंय "गाठ आहे, निघून जाईल". इथे आधी त्यांनाच विचारा, "बाबा, रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, की डॉक्टर आमच्याशी बोलले तर चालेल?" कित्येक म्हातारी माणसं म्हणतात तुम्हीच बघा, मग गप्प बसण्यात काही खोटं नाही. पण त्यांनी सरळ विचारलं की कॅन्सर आहे का, तर नाही म्हणायचं नाही. डॉक्टरांना बाबांसमोर नीट समजावायला सांगा, हातात वेळ ठेवून जा, आणि त्या दिवशी घरी दुसऱ्या कोणाला बोलावू नका, कारण संध्याकाळी ते पुन्हा तेच प्रश्न विचारतील आणि तेव्हा तुम्ही एकटेच समोर असलेलं बरं.